सॉफ्टवेअरचं पेटंट: घ्यायचं कशाचं आणि घाबरायचं कशाला?

सव्वाशेर | सोम, ०९:१४

एआयच्या धाग्यावर पेटंटची गाडी भलतीकडेच गेली, म्हणून हा वेगळा धागा. तिथे तीन विधानं ठोकून दिली गेली. एक, भारतात सॉफ्टवेअरला पेटंट मिळतच नाही. दोन, वकील चांगला असला की कशालाही मिळतं. तीन, अमेरिकन कंपन्यांनी सगळं आधीच घेऊन ठेवलंय, आपण गप्प बसावं. मला तिन्ही अर्धवट वाटतात.

चर्चा हवेत जाऊ नये म्हणून एकच उदाहरण धरू: कांदा चाळ. चाळीत तापमान-आर्द्रतेचे चार सेन्सर, बाहेर एक, मधे ईएसपी३२ (छोटा संगणकी नियंत्रक), रिलेवर (नियंत्रकाने चालणारा विजेचा स्विच) एक्झॉस्ट पंखे. पंखा कधी लावायचा ते प्रोग्रॅम ठरवतो आणि सड सुरू झाल्याचा संशय आला की मोबाइलवर सूचना जाते. यात पेटंट होण्यासारखं काय आहे, आणि दुसऱ्याचं पेटंट आडवं येतंय का हे कसं बघायचं? 'पेटंट हवं की नको' हा वाद नको, नाहीतर हा धागाही दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि हाती काही लागणार नाही.

कंसातली | सोम, ०९:५२

पहिल्या विधानापासून सुरुवात करते. पेटंट कायदा १९७० चा, पण कलम ३(के) त्यात २००२ च्या दुरुस्तीने आलं आणि मे २००३ पासून लागू झालं. त्यात चार गोष्टी बाद आहेत: गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, 'पर से' संगणक प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम. सगळी मारामारी त्या 'पर से'वर, म्हणजे 'निव्वळ प्रोग्रॅम म्हणून' या शब्दांवर आहे. चौघांपैकी ती सवलत फक्त प्रोग्रॅमला लागलेली आहे, बाकी तिघांना नाही. बरेच जण इथेच गडबडतात.

२००४ च्या अखेरीस अध्यादेश काढून हे कलम सैल केलं होतं. उद्योगात तांत्रिक उपयोग असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर प्रोग्रॅमही चालेल, असं त्यात होतं. २००५ च्या कायद्यात संसदेने ते येऊ दिलं नाही. मग पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शिकांचा खेळ सुरू झाला. ऑगस्ट २०१५ ची सैल होती, ओरड झाल्यावर तिला स्थगिती मिळाली. फेब्रुवारी २०१६ ची एकदम कडक: हार्डवेअर नवीन असेल तरच. जून २०१७ मध्ये ती अटही गेली.

डिसेंबर २०१९ मध्ये फेरिड अलानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शोधात तांत्रिक परिणाम दिसत असेल तर निव्वळ प्रोग्रॅम वापरलाय म्हणून अर्ज फेटाळता येत नाही. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपिलात त्याच कोर्टाने तीच दिशा धरली. आणि त्याच महिन्यात ओपनटीव्ही कंपनीचं अपील फेटाळलं, कारण तो शोध मुळात व्यवसायाच्या पद्धतीचा ठरला आणि तिथे 'पर से' नाही.

म्हणजे 'मिळतच नाही' चूक आणि 'सगळ्याला मिळतं' हेही चूक. चाळीतला पंखा फिरतोय, हवा बदलतेय, हा तांत्रिक परिणाम. शेतकऱ्याला भावाची सूचना देऊन 'आज विका' सांगितलं, की गेलात व्यवसायाच्या खात्यात.

बिनतारी | सोम, १०:२०

वाद नको म्हणालात तरी एक गोष्ट नोंदवतोच. सॉफ्टवेअर पेटंटने काय होतं ते जिफच्या (चित्रांच्या फाइलचा एक प्रकार) निमित्ताने जगाने बघितलंय.

टेरी वेल्च यांनी एलझेडडब्ल्यू हे कॉम्प्रेशन (माहिती आवळण्याची पद्धत) जून १९८४ मध्ये एका लेखातून मांडलं. लेखात पेटंटचा अर्ज केल्याचा ठळक उल्लेख नव्हता. पेटंट डिसेंबर १९८५ मध्ये मिळालं आणि पुढे युनिसिस कंपनीकडे आलं. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह कंपनीने तेच कॉम्प्रेशन वापरून जिफ काढलं. सात वर्षं सगळ्यांनी बिनधास्त वापरलं आणि डिसेंबर १९९४ मध्ये जाहीर झालं की जिफ लिहिणाऱ्या सॉफ्टवेअरला परवाना लागेल. अमेरिकेतलं पेटंट २० जून २००३ ला संपलं, युरोपातल्या मोठ्या देशांत आणि जपानमध्ये २००४ च्या जूनमध्ये.

आता सांगा, यात समाजाला काय मिळालं?

पाचर | सोम, १०:४१

पीएनजी मिळालं, चित्रांच्या फाइलचा दुसरा प्रकार :)

गंमत सोडा. पीएनजीचा जन्म जिफच्या रागातून झाला हे खरं, पण त्यात कॉम्प्रेशन कोणतं घेतलं ते बघा: डिफ्लेट, म्हणजे एलझेड७७ अधिक हफमन. वेल्च यांच्या क्लेमच्या (हक्क नेमका कशावर ते सांगणारं पेटंटमधलं वाक्य) बाहेरचा रस्ता मुद्दाम शोधलेला. 'कॉम्प्रेशनचं पेटंट आहे' ही बातमी होती. प्रत्यक्षात पेटंट होतं एका ठराविक पद्धतीने शब्दकोश वाढवत नेण्याचं. रस्ता किती रुंद अडवलाय हे बातमीत कधीच नसतं, ते क्लेममध्ये असतं.

ॲमेझॉनच्या वन-क्लिक (एका क्लिकमध्ये खरेदी) पेटंटचंही तेच. सप्टेंबर १९९९ मध्ये मिळालं, सप्टेंबर २०१७ मध्ये संपलं. डिसेंबर १९९९ मध्ये पुस्तकविक्रेत्या बार्न्स अँड नोबलवर मनाई आली तेव्हा त्यांनी काय केलं? एक क्लिक वाढवली. क्लेममध्ये 'एकाच कृतीने' होतं, तर दोन कृती केल्या. विषय संपला.

कंसातली | सोम, ११:०५

पाचर यांच्या मुद्द्यावरून थेट कांद्यावर येते. क्लेम कसा लिहितात ते दाखवल्याशिवाय हे डोक्यात शिरत नाही. (अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, मराठीत चालत नाही. इथे समजण्यापुरतं मराठीत.)

फेटाळला जाणारा:

"कांदा साठवणुकीचे व्यवस्थापन करण्याची पद्धत, ज्यात तापमान व आर्द्रतेची माहिती गोळा केली जाते, तिचे विश्लेषण केले जाते व वापरकर्त्यास सूचना पाठवली जाते."

माहिती आत, माहिती बाहेर. मधे 'विश्लेषण' नावाची काळी पेटी. ३(के) तर लागेलच, पण त्याआधी नावीन्यावरच पडेल. 'कांदा' काढून 'द्राक्ष' घातलं तरी वाक्य तसंच चालतंय, म्हणजे त्यात कांद्याच्या शोधाचं काही नाहीच.

निदान उभा राहील असा:

"साठवण कक्षाच्या वायुवीजनाची यंत्रणा, जिच्यात (क) कांद्याच्या थरात पृष्ठभागाखाली बसवलेला तापमान सेन्सर, (ख) कक्षातील हवेचा आर्द्रता सेन्सर, (ग) कक्षाच्या एका विभागाला जोडलेला पंखा, आणि (घ) असा नियंत्रक आहे, जो पंखा ठराविक अवधीसाठी बंद करतो, त्या अवधीत निरपेक्ष आर्द्रता (हवेतलं प्रत्यक्ष पाणी) किती वेगाने वाढते ते मोजतो, तो वेग थराच्या तापमानानुसार दुरुस्त करतो, व वेग मर्यादेपलीकडे गेल्यास त्या विभागाचा पंखा सुरू करतो."

यात प्रोग्रॅम आहेच, पण तो पंखा बंद करून मोजमाप घेतो आणि पंखा परत चालवतो. मोजण्याची रीतच नेहमीपेक्षा वेगळी आहे. परीक्षकाशी बोलायला काहीतरी हातात राहतं.

आणि हे उलट बाजूनेही वाचायचं. उद्या कुणी या क्लेमची नोटीस पाठवली आणि तुमच्या यंत्रात (क) नसेल, थरातला सेन्सरच नसेल, तर साधारणपणे उल्लंघन होत नाही. क्लेममधला प्रत्येक घटक तुमच्याकडे असावा लागतो. म्हणून लिहिताना घटक कमी ठेवायचे, आणि दुसऱ्याचं वाचताना पेन्सिल घेऊन एकेक घटक खोडत जायचं.

सव्वाशेर | सोम, ११:३०

हे सोनं आहे. पण मग बाहेरची हवा आत घ्यायची की नाही हा जो मूळ निर्णय, तो क्लेममध्ये का नाही घेतला? खरी अक्कल तिथे लागते.

पाचर | सोम, १२:१८

अक्कल लागते, पण ती जुनी आहे.

बहुतेक घरगुती सर्किटं सापेक्ष आर्द्रता ताडून पाहतात. आत ६५ टक्के, बाहेर ९० टक्के, म्हणून पंखा बंद. हे चूक आहे. आत ३० अंश आणि ६५ टक्के म्हणजे घनमीटरला साधारण १९.७ ग्रॅम पाणी. बाहेर पहाटे २२ अंश आणि ९० टक्के म्हणजे साधारण १७.५ ग्रॅम. बाहेरची 'दमट' हवा प्रत्यक्षात कोरडी आहे. आत येऊन कांद्याच्या उबेने तापली की ती ओल घेऊन बाहेर पडते. उलट, रात्रभर थर गार झालाय आणि सकाळी दहाला बाहेरची उबदार, पावसाळी हवा आत ओढली, तर तिचं दवबिंदू तापमान (ज्याच्या खाली हवेतलं पाणी थेंब धरतं ते) कांद्याच्या तापमानाच्या वर असतं. सालीवर पाणी धरतं, मग काळी बुरशी. म्हणून नियम असा: बाहेरच्या हवेचा दवबिंदू थराच्या तापमानापेक्षा निदान दोन अंश खाली असेल तरच पंखा.

छान नियम आहे. पण दवबिंदू ताडून पंखा चालवणं तळघरांच्या वायुवीजनात आणि धान्याच्या कोठारांत कधीपासून चालू आहे. कांद्याला लावलं एवढ्याने शोध होत नाही. त्या विषयात काम करणाऱ्याला सहज सुचलं असतं, असं परीक्षक लिहील आणि ते बरोबरच असेल. वापरा खुशाल, पेटंट विसरा. आधीपासून माहीत असलेल्या अशा गोष्टीलाच प्रायर आर्ट म्हणतात, आणि पाच मिनिटं शोधलं तर सापडतं.

अवांतर: चाळीत डीएचटी२२ नको. पातीची धूळ आणि ओल यांत त्याचं वाचन काही महिन्यांत सरकायला लागतं. फिल्टर टोपीचा एसएचटी३१ घ्या आणि तो पंख्याच्या झोतात बसवू नका. पंख्याच्या मोटरमुळे रिलेचे पॉइंट चिकटतात, तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी दाबणारी जोडणी) टाका. कपॅसिटर एक्स२ प्रकारचा, साधा नाही.

लांबण | सोम, १२:५०

अवांतर नाही ते. कलम १०(४) प्रमाणे शोध कसा करायचा ते पूर्ण लिहावं लागतं, आणि तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम रीतसुद्धा. सेन्सर किती खोलीवर, पंखा किती मिनिटं बंद, मर्यादा कशी काढली, दुरुस्तीचं सूत्र काय, सगळं. 'सुयोग्य अल्गोरिदमने' असं लिहून सुटका होत नाही. अर्धं गुपित ठेवायचं आणि पेटंटही मागायचं, हे जमत नाही.

आता शोध घ्यायचा कसा ते. गूगल पेटंट्स आणि एस्पेसनेट ही दोन, भारतातल्या अर्जांसाठी पेटंट ऑफिसची इनपास. फक्त 'कांदा' टाकून शोधाल तर काहीच मिळणार नाही, कारण क्लेम लिहिणारे मुद्दाम 'कंदवर्गीय पीक', 'नाशवंत माल', 'साठवण कक्ष' असलं व्यापक लिहितात. वर्गीकरणाचा कोड धरून शोधा. शेतमालाच्या साठवणीसाठी ए०१एफ २५, आर्द्रता नियंत्रणासाठी जी०५डी २२. आधी दोन्ही कोड असलेले, मग एकेक. चांगलं एखादं सापडलं की त्याने कुणाचा दाखला दिलाय आणि त्याचा दाखला कुणी दिलाय, अशी साखळी पकडायची. शब्दांनी शोधण्यापेक्षा दहापट वेगाने माल मिळतो.

सापडलेलं वाचताना शीर्षक आणि सारांश सोडून द्या. चार गोष्टी बघा. एक, क्रमांकाच्या शेवटी काय आहे: अमेरिकेच्या कागदावर ए१ असेल तर तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, बी१ किंवा बी२ असेल तर मिळालेलं पेटंट. 'अमुक कंपनीने पेटंट घेतलं' या बातम्यांतल्या कितीतरी ए१ वरच्या असतात. दोन, अग्रक्रमाची तारीख (त्या शोधासाठी पहिला अर्ज केल्याची), कारण तुलना तिच्याशी करायची. तीन, देश. अमेरिकेचं पेटंट सिन्नरच्या चाळीला लागू नाही. चार, जिवंत आहे का. वार्षिक शुल्क न भरल्यामुळे मेलेली पेटंटं ढिगाने पडलेली आहेत, आणि ती वाचून वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक फट कायम राहते. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिने तो बाहेर दिसत नाही. म्हणजे आज शोध घेतलात तरी गेल्या दीड वर्षातलं तुम्हाला आंधळं आहे.

टिंबटिंब | सोम, १४:०२

खर्चाचं कुणी बोलेल का? सगळे कायद्यावरच घसरलेत.

कंसातली | सोम, १४:३५

सरकारी शुल्क, ऑनलाइन भरणा, व्यक्ती / स्टार्टअप / लघुउद्योग / शैक्षणिक संस्था यांच्यासाठी:

अर्ज १६०० रुपये. तीस पानांच्या वर प्रत्येक पानाला १६०, दहा क्लेमच्या वर प्रत्येक क्लेमला ३२०. म्हणून पंचवीस क्लेमचा मसुदा बघितला की आधी 'हे पंधरा कशाला' असं विचारा. तपासणीची मागणी म्हणजे फॉर्म १८, ४००० रुपये. ती केल्याशिवाय तुमच्या अर्जाला कुणी हात लावत नाही. आधी यासाठी ४८ महिने मिळायचे, मार्च २०२४ च्या नियमांनंतर ३१ झाले. जुनी माहिती वाचून निवांत राहिलात तर अर्ज मागे घेतल्यासारखा धरतात. घाई असेल तर फॉर्म १८ए, ८००० रुपये. तो सगळ्यांना खुला नाही, पण स्टार्टअप, लघुउद्योग आणि अर्जदारांत किमान एक महिला असलेल्या व्यक्ती यांना मिळतो. सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ लागतो, २५०० रुपये. मोठ्या कंपनीला अर्ज ८०००, फॉर्म १८ ला २०,००० आणि १८ए ला ६०,०००.

वकिलाची किंवा एजंटची फी याच्या कितीतरी पट, आणि ती क्लेम लिहिण्यापुरती तरी मोजावी असं माझं ठाम मत आहे. बाकीचे फॉर्म भरणं रेशनकार्डाच्या अर्जाहून अवघड नाही. क्लेम मात्र अवघड आहे.

पैसे नसतील तर प्रोव्हिजनल (तात्पुरता अर्ज) करा. १६०० रुपयांत तारीख मिळते, मग पूर्ण स्पेसिफिकेशनला (तपशीलवार वर्णनाला) १२ महिने. पण इथे सर्रास होणारी चूक अशी: प्रोव्हिजनल म्हणजे दोन पानी कल्पनाविस्तार समजतात. जे त्यात लिहिलेलंच नाही त्याला ती तारीख मिळत नाही. 'पंखा बंद करून वेग मोजणे' ही गोष्ट वर्षाने पूर्ण अर्जात पहिल्यांदा आली, तर तिची तारीख वर्षाने उशिराची. तोवर दुसऱ्याने ते लिहून ठेवलं असेल तर गेलं. त्यामुळे आकृत्या, आकडे, पर्यायी मांडण्या सगळं प्रोव्हिजनलमध्येच कोंबा. तिथे नीटनेटकेपणाला मार्क नाहीत.

दशांश | सोम, १५:१०

पेटंट न घेण्याची बाजूही मांडतो. ज्यांचा प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतो, बाहेर फक्त उत्तर जातं, त्यांना गुपित ठेवणंच स्वस्त. पेटंटमध्ये २० वर्षांच्या हक्काच्या बदल्यात सगळं उघड करावं लागतं, आणि तुमचा क्लेम कुणी त्याच्या सर्व्हरवर मोडतोय हे तुम्हाला कळणार कसं? सिद्ध करता न येणारं उल्लंघन म्हणजे शोभेचं पेटंट. चाळीतलं यंत्र बाजारातून विकत घेऊन उघडता येतं, तिथे गणित वेगळं.

कोडचा कॉपीराइट आपोआप असतोच, कारण १९५७ च्या कायद्यात प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. नोंदणी हवी असेल तर ५०० रुपये, सोर्सची पहिली १० आणि शेवटची १० पानं, काळं न फासता. कोड वीस पानांच्या आत असेल तर सगळा. म्हणून पासवर्ड आणि गुप्त स्थिरांक त्या पानांत येणार नाहीत अशी फायलींची क्रमवारी आधीच लावा. पण कॉपीराइट कल्पनेला नाही. तीच रीत कुणी नव्याने लिहिली तर तुम्ही काही करू शकत नाही.

तिसरा रस्ता: उघड प्रसिद्ध करून टाका. तारखेसह, सविस्तर. तुम्हाला पेटंट नाही, पण दुसऱ्यालाही नाही. फक्त व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून भागत नाही. कुणालाही सापडेल आणि तारीख सिद्ध होईल अशा ठिकाणी पाहिजे.

बिनतारी | सोम, १५:२८

+१. शेवटचा रस्ता मला सगळ्यात मान्य. ओपन सोर्स करा आणि मोकळे व्हा.

दशांश | सोम, १५:५५

मोकळे व्हा, पण परवाना बघून. एमआयटी आणि बीएसडी या ओपन सोर्स परवान्यांत पेटंटबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे कोड देणाऱ्याचंच त्यावर पेटंट असेल तर वापरणाऱ्याला काय हक्क मिळाला, यावर वकील दोन दिवस बोलू शकतात. अपाचे २.० च्या तिसऱ्या कलमात पेटंटचा परवाना स्पष्ट दिलेला आहे, आणि तुम्ही त्या कोडवरून पेटंटचा दावा ठोकलात तर तुमचा तो परवाना तिथेच संपतो. जीपीएल ३ मध्येही अकराव्या कलमात पेटंटचा परवाना आहे. फेसबुकच्या रिॲक्टला (वेब पानं बनवण्याचं साधन) 'बीएसडी अधिक पेटंट' अशी जोडशेपटी होती, अपाचे फाउंडेशनने ती नाकारली, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये रिॲक्ट साध्या एमआयटीवर आलं. नवीन प्रकल्प काढत असाल आणि कंपन्यांनी वापरावा असं वाटत असेल तर अपाचे २.० लावा.

लांबण | सोम, १६:२०

व्हिडिओवाल्यांसाठी एक सापळा. चाळीत कॅमेरा बसवून एच.२६४ या व्हिडिओ आवळण्याच्या पद्धतीने चित्रण करणार असाल तर सॉफ्टवेअरचा परवाना वेगळा आणि पेटंटचा वेगळा. एक्स२६४ हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली फुकट मिळतं, पण त्याने एच.२६४ ची पेटंटं फुकट होत नाहीत. एमपीईजी एलए या, ही पेटंटं एकत्र परवान्यावर देणाऱ्या संस्थेच्या परवान्यात वर्षाला एक लाख नगांपर्यंत रॉयल्टी शून्य होती, म्हणून छोट्यांना त्रास जाणवला नाही. सिस्कोचं ओपनएच२६४ घेतलं तर रॉयल्टी सिस्को भरते, पण ती सिस्कोच्या सर्व्हरवरून उतरवलेल्या तयार बायनरीपुरती. त्याच सोर्समधून तुम्ही स्वतः कंपाइल केलंत की ते छत्र नाही. कोड अक्षरन् अक्षर तोच असला तरी.

एच.२६५ या पुढच्या पद्धतीत तर तीन-तीन पेटंट-समूह उभे राहिले. त्या कटकटीला कंटाळूनच गूगल, मोझिला, ॲमेझॉन वगैरे एकत्र आले आणि २०१८ मध्ये एव्ही१ ही पर्यायी पद्धत बाहेर आली.

टिंबटिंब | सोम, १७:३०

आणि एआय? ट्रान्सफॉर्मरचं (चॅटबॉटच्या मॉडेलांची मूळ रचना) पेटंट गूगलकडे आहे म्हणतात. मग हे सगळे चॅटबॉट त्याचं उल्लंघन करतात का?

पाचर | सोम, १८:०५

आहे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मिळालं. आता वर सांगितलेली पेन्सिल काढा. पहिल्या क्लेममध्ये एन्कोडर (मजकूर वाचणारा भाग) आहे आणि डिकोडरही (उत्तर लिहिणारा भाग) आहे. आजची बरीच चॅट मॉडेलं नुसत्या डिकोडरची आहेत. एक घटक खोडला गेला, म्हणजे त्या क्लेमच्या शब्दशः बाहेर.

कंसातली | सोम, १८:२२

थांबा. नुसत्या डिकोडरच्या मांडणीवरही गूगलचं वेगळं पेटंट आहे, वेगळ्या अर्जावरून आलेलं. एक वाचून निश्चिंत व्हायचं नाही, त्याच मालकाचे बाकीचे अर्ज आणि त्या पेटंटची 'फॅमिली', दोन्ही बघायचं. मूळ अर्जाच्या पोटातून वर्षानुवर्षं नवे क्लेम काढता येतात, अट एवढीच की वर्णन मूळ अर्जात असलं पाहिजे.

पाचर | सोम, १८:३०

मान्य, चुकलो. पेन्सिल बरोबर होती, कागद अपुरा होता. तरी २०१४ च्या जूनमधला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा ॲलिस खटल्यातला निकाल डोक्यावर आहेच: अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली एवढ्याने ती पेटंटयोग्य होत नाही. मिळालेली कितीतरी सॉफ्टवेअर पेटंटं त्यानंतर कोर्टात टिकली नाहीत. हातात प्रमाणपत्र असणं आणि ते कोर्टात उभं राहणं यात खूप अंतर आहे.

टिंबटिंब | सोम, १८:४४

आणि शोध एआयनेच लावला तर?

लांबण | सोम, १९:१०

स्टीफन थेलर यांनी डॅबस नावाच्या यंत्रणेला शोधकर्ता दाखवून देशोदेशी अर्ज केले. दक्षिण आफ्रिकेत २०२१ मध्ये मिळालं, पण तिथे अर्जाची सखोल तपासणी होतच नाही, त्यामुळे त्याचा डंका वाजवण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट नाही म्हटलं: शोधकर्ता माणूसच हवा.

तुमच्या कामाचा भाग असा की मॉडेलला विचारून काही सुचवून घेतलंत तर माणसाने नेमकं काय केलं याची तारखेसह नोंद ठेवा. कोणते पर्याय बाद केले, मर्यादा कोणत्या चाचणीवरून ठरवली, वगैरे. आणि दाखल न केलेला शोध सार्वजनिक चॅटबॉटमध्ये ओतण्याआधी त्याच्या अटी वाचा. तुमचा मजकूर प्रशिक्षणाला वापरण्याची परवानगी तुम्ही देताय का, हे तिथे लिहिलेलं असतं.

सव्वाशेर | सोम, २०:१५

शेवटचे दोन प्रश्न. यंत्र आधी कृषी प्रदर्शनात मांडून, लोकांचा प्रतिसाद बघून मग अर्ज केला तर चालेल ना? यूट्यूबवर एक व्हिडिओही टाकायचा आहे. आणि परदेशात अर्ज करायचा झाला तर?

कंसातली | सोम, २०:४०

नाही, नाही आणि सांभाळून.

अमेरिकेत स्वतःच उघड केल्यावर एक वर्षाची सवलत आहे, त्यामुळे तिकडचे लेख वाचून आपल्याकडचे लोक फसतात. आपल्याकडे अशी सरसकट सवलत नाही. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत आहे ती सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला, किंवा विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला वगैरे. मोशीच्या मैदानावर मांडव घातला म्हणून प्रदर्शन अधिसूचित होत नाही. कॉलेजची हॅकेथॉन, प्रकल्प स्पर्धा, व्हिडिओ, माहितीपत्रक, सगळ्यांना तेच लागू. आधी प्रोव्हिजनल, पावती हातात, मग मांडव. दुसऱ्या दिवशी मांडलंत तरी चालेल.

आधी दाखवावंच लागणार असेल, समजा एखाद्या शेतकऱ्याच्या चाळीत चाचणी घ्यायची आहे, तर एक पानी गोपनीयतेचा करार करा आणि डबा बंद ठेवा. त्याला पंखा चालतोय हे दिसू दे, मर्यादा कशी ठरते ते नाही.

परदेशाबाबत कलम ३९. भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी काढायची. थेट अमेरिकेत अर्ज केला तर इथला हक्क तर जातोच, वर कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. सहलेखक अमेरिकेत आणि तुम्ही पुण्यात असाल तेव्हा हमखास विसरतात.

दशांश | सोम, २०:५८

एक भर. सवलतीचं शुल्क लघुउद्योग म्हणून भरणार असाल तर फॉर्म २८ (सवलतीसाठीचा) सोबत उद्यमचं प्रमाणपत्र जोडा, स्टार्टअप म्हणून असेल तर स्टार्टअप मान्यतेचं. व्यक्ती म्हणून स्वतःच्या नावाने करताय तर फॉर्म २८ लागत नाही. पण मग शोध पुढे मोठ्या कंपनीच्या नावावर केलात तर सवलतीचा फरक तेव्हा भरावा लागतो.

सव्वाशेर | सोम, २१:१२

दवबिंदू क्लेममधून काढला. पंखा बंद ठेवायचा अवधी आता वर्णनात तीन पर्यायांसह लिहितो: पाच, दहा आणि वीस मिनिटं.

पाचर | सोम, २१:२०

'पाच ते वीस' अशी पट्टीही लिहा, तीन आकडे तिच्या आतली उदाहरणं म्हणून. नाहीतर कुणीतरी बारा मिनिटं ठेवेल.